अनुभवी मेंटेनन्स टेक्निशियनचं काम नव्या मॅनेजरला आकड्यांत कसं दाखवायचं?

तिसरी_पाळी

वाळूजमधल्या एका प्रेस शॉपचा प्रश्न आहे. सहा हायड्रॉलिक प्रेस, ३७ किलोवॅटचा एक स्क्रू कॉम्प्रेसर, कूलिंग वॉटरचे २२ किलोवॅटचे दोन पंप, एचटी (उच्च दाबाचं) वीज कनेक्शन. मेंटेनन्सला २८ वर्षं सेवा झालेले आयटीआय फिटर आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. नव्या प्लँट मॅनेजर मॅडम कमर्शियल बाजूच्या आहेत, मशीनची ओळख नाही, पण ऐकून घेतात. त्यांचा प्रश्न असा: महिन्याला जेमतेम चार-पाच ब्रेकडाऊन होतात, मग या पगाराऐवजी एएमसी (बाहेरच्या कंपनीशी देखभालीचा वार्षिक करार) आणि दोन अप्रेंटिस का नकोत?

प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर कागदावर द्यायचं आहे. अडचण अशी की मामा दिवसभर जे करतात त्याची नोंद कुठेच नाही. ब्रेकडाऊन स्लिप तेवढ्या आहेत. आढाव्याला महिनाभर वेळ आहे. काय मोजावं आणि कसं मांडावं?

शिमपट्टी

ब्रेकडाऊन कमी आहेत म्हणजे मामा चांगले, असं थेट लिहू नका. मशीन नव्या असल्या किंवा लोड कमी असला तरी ब्रेकडाऊन कमीच दिसतात. मॅडम कमर्शियलच्या आहेत, ही फट त्यांना लगेच दिसेल.

उद्यापासून एक वही घाला, नाव द्या ‘आज सापडलेलं’. रकाने सातच: तारीख, मशीन, काय दिसलं, आधीचं रीडिंग, काय केलं, नंतरचं रीडिंग, लागलेला वेळ आणि माल. रीडिंगशिवाय ओळ लिहायची नाही. ‘पंपाचा आवाज येत होता, ठीक केला’ या वाक्यावर कुणीही विश्वास ठेवावा असं काही नाही. त्याऐवजी असं लिहा: पंप २, मोटरच्या ड्राइव्ह एंडला व्हायब्रेशन ५.८ मिमी प्रति सेकंद. कपलिंग बघितलं, ऑफसेट (दोन शाफ्टच्या मध्यरेषांतला फरक) ०.२२ मिमी, मागच्या डाव्या पायाखाली सॉफ्ट फूट (पाय नीट न टेकल्याने राहिलेली फट) ०.१५, शिम (पातळ पत्री) घालून ऑफसेट ०.०४ वर आणला, व्हायब्रेशन १.९, वेळ दोन तास, माल, स्टेनलेसच्या दोन शिम.

याच्या शेजारी मर्यादा छापून चिकटवा. आयएसओ १०८१६ च्या जुन्या तक्त्याप्रमाणे १५ ते ७५ किलोवॅटच्या गटात २.८ पर्यंत चालतं, २.८ ते ७.१ म्हणजे फार काळ असं चालवू नये, ७.१ च्या वर नुकसान होण्याचा धोका. ५.८ वरून १.९ याचा अर्थ कळायला मॅडमना इंजिनिअर असण्याची गरज नाही.

सॉफ्ट फूट कसा बघायचा ते अप्रेंटिसलाही त्याच वेळी दाखवून घ्या. चारही बोल्ट घट्ट, डायल गेज पायावर, एकच बोल्ट सैल करायचा. काटा ०.०५ च्या वर उचलला तर त्या पायाखाली शिम. बोल्ट परत घट्ट करून पुढचा पाय. हे न बघता अलाइनमेंट केली तर शेवटी बोल्ट आवळताना मोटरची फ्रेम पिळते आणि आधीची सगळी मेहनत वाया जाते.

लेखाजोखा

मी पलीकडच्या बाजूचा, कॉस्टिंगचा. मेंटेनन्सचे प्रस्ताव बहुतेक वेळा एकाच कारणाने परत येतात: बंद पडलेल्या तासाची किंमत विक्रीच्या आकड्यावर काढलेली असते. ‘तासाला २४० नग, नगाला ४० रुपये, म्हणजे तासाला ९,६०० चं नुकसान’, हे चूक आहे. नग बनला नाही तेव्हा पत्राही खर्च झाला नाही. विक्री किमतीतून कच्चा माल, वीज आणि बाकीचा बदलता खर्च वजा करून उरतं ते काँट्रिब्युशन. ते नगाला ६ रुपये असेल तर तासाचा आकडा १,४४० रुपये. त्यात परत सुरू करताना जाणारा स्क्रॅप आणि तातडीने माल पाठवायला लागलेलं जादा भाडं मिळवा. बसून राहिलेल्या माणसांचा पगार मिळवू नका, तो तसाही जाणार होता. ओव्हरटाइम द्यावा लागला असेल तर तेवढाच धरा.

दुसरी गोष्ट. सहाही प्रेसचा तास सारख्या किमतीचा नसतो. ज्या प्रेसवर लाइन अडते तिचा तास महाग. ज्या प्रेसच्या पुढे दोन दिवसांचा माल पडलेला असतो तिचा तास जवळजवळ फुकट. दोन्हींना एकच दर लावलात तर सगळा तक्ता संशयात जाईल.

हे दर मेंटेनन्सने ठरवूच नयेत. अकाउंट्सकडून प्रत्येक प्रेसचा दर लेखी मागून घ्या. मग त्या आकड्यावर मॅडम वाद घालणार नाहीत, तो त्यांच्याच खात्याचा आहे.

वाफ

पंधरा दिवसांत ठळक दिसणारी गोष्ट हवी असेल तर हवेची गळती. जेवणाच्या सुट्टीत सगळ्या प्रेस बंद, कॉम्प्रेसर चालू, हवा कुणीच वापरत नाही. स्टॉपवॉच लावून लोडचा (हवा भरत असतानाचा) आणि अनलोडचा (नुसता फिरत असतानाचा) वेळ मोजा, पाच सायकलची सरासरी घ्या. लोडचा वेळ भागिले दोन्हींची बेरीज, ती गळतीची टक्केवारी. लोड ४० सेकंद, अनलोड ८० सेकंद निघालं तर ३३ टक्के.

३७ किलोवॅटचा स्क्रू ७ बारला मिनिटाला साधारण ६ घनमीटर हवा देतो, म्हणजे २ घनमीटर नुसती जाते आहे. ३ मिमीच्या एका भोकातून ७ बारला मिनिटाला सुमारे ०.६ घनमीटर जाते, त्या हिशेबाने अशी तीन-साडेतीन भोकं. मिनिटाच्या एका घनमीटरला ६.२ किलोवॅट धरले तर १२ किलोवॅट. २४ तास, २६ दिवस, युनिटला ९ रुपये: महिन्याला ६७,००० रुपये.

मामांना साबणाचं पाणी आणि नंबरचे टॅग द्या. आधी एफआरएलचे (हवेचा फिल्टर-रेग्युलेटर-ल्युब्रिकेटर) बाऊल, क्विक कपलिंग आणि पुश-फिटमध्ये तिरकी कापलेली पीयू ट्यूब (हवेची प्लॅस्टिक नळी) बघायची. रिसीव्हरचा ऑटो ड्रेन कचऱ्याने उघडा अडकलेला असतो, तो बहुतेक जण विसरतात.

केव्हीए

वाफ यांची पद्धत बरोबर, पण ६७,००० चा आकडा मॅडमसमोर ठेवू नका, तो टिकणार नाही. दोन कारणं. गळती शून्य होत नाही. चांगल्या प्लँटमध्येही १० टक्क्यांच्या आसपास राहते. म्हणजे वाचणारी २३ टक्के. आणि व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) नसलेला स्क्रू अनलोडमध्येही लोडच्या २५ ते ३५ टक्के वीज खातो. लोडला ४० किलोवॅट, अनलोडला १२, तर फरक २८ किलोवॅट. २८ चे २३ टक्के म्हणजे ६.४ किलोवॅट. त्याच ६२४ तासांचे ४,००० युनिट, ३६,००० रुपये.

हा आकडा पडताळताही येतो. कॉम्प्रेसरच्या कंट्रोलरवर एकूण तास आणि लोड तास वेगळे दिसतात. काम सुरू करण्याच्या दिवशी फोटो, आठ दिवसांनी फोटो, उत्पादन किती झालं ते शेजारी.

आता तुमच्या एचटी बिलाकडे या. महाराष्ट्रात एचटी ग्राहकांना एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर, म्हणजे नुसत्या खऱ्या युनिटवर नाही तर एकूण खेचलेल्या विजेवर, बिल येतं. पॉवर फॅक्टर (एकूण खेचलेल्या विजेतला खऱ्या विजेचा भाग) पडला की वेगळा दंड दिसत नाही, युनिटच वाढलेले दिसतात, म्हणून ऑफिसमध्ये कुणाच्या लक्षात येत नाही. खरी वीज १,००,००० युनिट वापरली आणि पॉवर फॅक्टर ०.९० असेल तर बिल १,११,१११ युनिटचं. ०.९९ असेल तर १,०१,०१० चं. फरक १०,१०१ युनिट, ९ रुपयांनी जवळजवळ ९१,००० रुपये, एका महिन्याचे.

एपीएफसी पॅनलवर (कपॅसिटर आपोआप जोडून पॉवर फॅक्टर सांभाळणारं पॅनल) मामा दर आठवड्याला टॉंग टेस्टर (वायरभोवती लावून करंट मोजायचा चिमटा) लावत असतील तर ते रीडिंग वहीत आलंच पाहिजे. ४४० व्होल्टच्या २५ केव्हीएआर कपॅसिटरला ४१५ व्होल्टवर फेजला ३१ अँपिअरच्या आसपास यायला हवेत. एका फेजला २० दिसले तर तो मरतो आहे, फुगण्याची वाट बघू नका. फ्यूज आणि काँटॅक्टर बघूनच कपॅसिटर बदला. कधी कधी काँटॅक्टरचा एक पोल जळलेला असतो आणि चांगला कपॅसिटर भंगारात जातो. हात लावण्यापूर्वी स्विच बंद, लॉक, डिस्चार्जसाठी पाच मिनिटं, मग मीटरने शून्य व्होल्टेज तपासायचं.

मागच्या बारा बिलांमधला पॉवर फॅक्टर एका ओळीत लिहा. तो ०.९८-०.९९ वर स्थिर असेल तर मामांच्या फाइलमधलं पहिलं पान तेच.

वाफ

अनलोडची वीज मी धरायला हवी होती, बरोबर आहे. ३६,००० च घ्या.

सातपूरकर

काय मोजू नये, तेही लिहितो. बंद केलेल्या जॉबची संख्या मोजू नका. ज्याच्या दुरुस्त्या परत परत कराव्या लागतात त्याचे जॉब जास्त भरतात.

एमटीटीआर, म्हणजे दर ब्रेकडाऊनला लागलेला सरासरी वेळ, एकटा दाखवू नका. चांगला माणूस आधी सोपी कारणं संपवतो: सैल टर्मिनल, चोंदलेला स्ट्रेनर, घासलेला होज. मग उरतात ती अवघड ब्रेकडाऊन, आणि सरासरी वेळ वाढतो. नवख्या मॅनेजरला वाटतं माणूस मंदावला. शेजारी एमटीबीएफ, दोन ब्रेकडाऊनमधला सरासरी चालू काळ, असेल तरच चित्र पूर्ण होतं.

सगळ्यांत बोलका आकडा म्हणजे ३० दिवसांच्या आत त्याच मशीनवर तोच दोष परत आला का. जुन्या स्लिपमधूनच निघतो. मामांनी केलेले जॉब आणि बाहेरच्या माणसाने केलेले जॉब वेगळे करा आणि परत आलेल्यांचं प्रमाण काढा. ते मामांच्या विरुद्ध गेलं तरी लपवू नका.

लेखाजोखा

शेवटच्या वाक्याला ठाम दुजोरा. एक प्रतिकूल आकडा स्वतःहून दाखवलेला तक्ता लवकर मंजूर होतो.

तिसरी_पाळी

खूप उपयोगी पडतंय. दोन शंका. एक, ‘हे केलं नसतं तर काय झालं असतं’ हा रकाना ठेवावा का? मामांनी बेअरिंग वेळेत बदललं, पण नसतं बदललं तर किती नुकसान झालं असतं, हे कसं सांगायचं? दुसरं, एएमसीशी तुलना.

शिमपट्टी

रकाना ठेवा, पण नियम कडक. त्याच मशीनवर किंवा तशाच जुळ्या मशीनवर तोच दोष पूर्वी पूर्ण बिघडेपर्यंत गेल्याची स्लिप असेल तरच त्यात आकडा. नसेल तर रिकामा. पंप १ चं बेअरिंग कधी जाम होऊन मोटर जळाली असेल, तर रिवाइंडिंगचं बिल आणि बंद तास दोन्ही फाइलमध्ये असतील. पंप २ समोर तोच आकडा लिहा. अंदाजपंचे एक लाख लिहिलेत की बाकीच्या खऱ्या ओळीही गेल्या.

बेअरिंगवरून ग्रीसचं सांगतो, कारण मामांचा अनुभव इथे स्वच्छ दिसतो. २२ किलोवॅट, ४ पोलच्या मोटरला बहुधा ६३१० बेअरिंग असतं. नेमप्लेट बघून खात्री करा. बाहेरचा व्यास ११० मिमी, रुंदी २७. नेहमीचं सूत्र: व्यास गुणिले रुंदी गुणिले ०.००५, म्हणजे १५ ग्रॅम. नवखा माणूस जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत गन मारत राहतो. जादा ग्रीस घुसळलं जाऊन तापतं, तेल सुटतं, आणि काही मोटरमध्ये आत वाइंडिंगवर जातं. पोरगा म्हणतो, ‘ग्रीस तर भरपूर मारलं होतं’, आणि बेअरिंग गेलेलं असतं. तुमची गन एका दाबाला किती देते ते वजनकाट्यावर मोजा: दहा दाब कागदावर, वजन भागिले दहा. साधारण एक-दीड ग्रॅम निघतं. मग मोटरवर रंगाने लिहा, ‘१२ दाब’ किंवा जे येईल ते. ग्रीस कोणतं आहे तेही लिहा. लिथियम आणि पॉलियुरिया ग्रीस एकत्र केली तर बऱ्याचदा पातळ होऊन वाहतात.

ग्रीसगन

एएमसीबद्दल. एएमसीला शत्रू करू नका, काही ठिकाणी तीच योग्य. स्क्रू कॉम्प्रेसरचा एअरएंड (हवा दाबणारा मुख्य भाग), पीएलसी (मशीनचा कंट्रोलर), सर्व्हो ड्राइव्ह यांना कंपनीचा माणूसच लागतो. तुलना करायची तर ब्रेकडाऊनचा वेळ तोडून मांडा: कळण्यापासून माणूस मशीनशी येईपर्यंत, तिथून दोष सापडेपर्यंत, तिथून सुटा भाग हातात येईपर्यंत, आणि प्रत्यक्ष दुरुस्ती. आजपासून स्लिपवर या चार वेळा लिहा. बहुतेक ठिकाणी जास्त वेळ दोष शोधण्यात जातो आणि अनुभवी माणूस तिथेच वेळ वाचवतो. एएमसीच्या करारात लिहिलेला प्रतिसादाचा वेळ म्हणजे फक्त पहिला टप्पा असतो, हे मॅडमना करार उघडून दाखवा. सोबत बघा: वर्षात किती व्हिजिट, रात्रपाळीला येतात का, सील-व्हॉल्व्ह-तेल यांचे पैसे वेगळे का.

दोष शोधण्याचं एक उदाहरण सविस्तर देतो, असंच्या असं फाइलमध्ये लावता येईल. प्रेस खाली येत नाही. सवयीने पंपावर संशय जातो आणि पंप उतरवला जातो, त्यात अख्खी पाळी जाते. क्रम असा हवा. टाकीतली तेलाची पातळी आणि तापमान. ६० अंशांच्या वर असेल तर आधी कूलर. पंपाचा आवाज, खडे हलल्यासारखा असेल तर सक्शन स्ट्रेनर चोंदलेला, तेलात फेस असेल तर सक्शन लाइनमधून हवा ओढतोय. मग प्रेशर गेज. पंपाच्या बाजूला रिलीफ व्हॉल्व्हच्या (जादा दाब सोडणाऱ्या) सेटिंगपर्यंत दाब येत असेल तर पंप आणि रिलीफ दोन्ही ठीक, दोष पुढे. डायरेक्शन व्हॉल्व्हची कॉइल: कमांड असताना कॉइलच्या नटाशी स्क्रूड्रायव्हर धरला की ओढला गेला पाहिजे. ओढला जात नसेल तर कॉइलवर २४ व्होल्ट येतात का. येत नसतील तर दोष वायरिंग, लिमिट स्विच किंवा सेफ्टी कर्टनमध्ये. ओढला जातो पण हालचाल नाही, तर व्हॉल्व्हची मॅन्युअल पिन दाबून बघायची. पिन हलत नसेल तर स्पूल (व्हॉल्व्हच्या आतला सरकणारा दांडा) कचऱ्याने अडकला आहे.

पिन दाबण्याआधी रॅमखाली (प्रेसचा खाली-वर होणारा भाग) सेफ्टी ब्लॉक लावलेच पाहिजेत आणि कुणी आत नाही हे स्वतः बघायचं. पिनने स्पूल सुटला तर रॅम कंट्रोलला न विचारता हलतो.

हा क्रम माहीत असलेला माणूस काही मिनिटांत व्हॉल्व्हशी पोचतो. स्लिपवर वेळ लिहिला तर मॅडमना ते आपोआप दिसेल.

सातपूरकर

अप्रेंटिसचा मुद्दा सुटला. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यात अप्रेंटिस म्हणजे प्रशिक्षणार्थी, कामगार नाही. त्याला शिकवणारा माणूस हवा. शिकवणाऱ्यालाच काढून दोन अप्रेंटिस ठेवले तर प्रशिक्षण कोण देणार, हा प्रश्न मॅडमना शांतपणे विचारा. उलट प्रस्ताव द्या: मामांकडे दोन अप्रेंटिस, आणि वर्षअखेरीस त्यांना स्वतंत्रपणे करता यावीत अशी कामं ठरवून यादी.

तिसरी_पाळी

मामांशी बोललो. वही लिहायला तयार नाहीत. म्हणाले, ‘सगळं लिहून दिलं की माझी गरज काय?’ त्यांची भीती खोटी म्हणवत नाही.

ग्रीसगन

भीती खरी आहे, तिला तसंच उत्तर द्या. वहीतून माहिती जाते, हात जात नाही. सॉफ्ट फूटची पद्धत वर चार ओळींत आली आहे, पण ऑफसेट ०.२२ वरून ०.०४ वर पहिल्याच प्रयत्नात आणायला हात बसावा लागतो. आणि निवृत्तीपर्यंत काहीच लिहिलेलं नसेल तर मॅडमच्या नजरेत ती मामांची किंमत ठरत नाही, धोका ठरते. एका माणसावर सगळं अडलेलं असणं हे कुठल्याही मॅनेजरला काढून टाकावंसंच वाटतं.

काम सोपं करा. मामांनी लिहायचंच नाही. ते बोलतील, अप्रेंटिस लिहील, शेवटी मामांची सही. प्रत्येक नोंदीवर त्यांचं नाव. दोष शोधण्याच्या क्रमाचा तक्ता मशीनवर लावाल, त्याखालीही ‘तयार करणार’ म्हणून त्यांचंच नाव, तारखेसह. हे नाव फाइलमधून पुसलं जात नाही.

आणि एक कळकळीची विनंती. कुणीतरी सल्ला देईल की मामांना आठ दिवस रजेवर पाठवा, मग कळेल. तसं अजिबात करू नका. प्रेसवर काम करणाऱ्यांचे हात त्या आठ दिवसांतही मशीनमध्ये असतात.

शिमपट्टी

+१, विशेषतः शेवटच्या परिच्छेदाला.

आढाव्याच्या आधी मॅडमना अर्ध्या तासाच्या फेरीला न्या. तुम्ही बोलू नका, मामांना बोलू द्या, आणि मोजायचं साधन मॅडमच्या हातात द्या. तीन थांबे पुरेत. एपीएफसी पॅनल: दार मामा उघडतील, मॅडम बाहेर उभ्या राहून डिस्प्लेवरचा पॉवर फॅक्टर वाचतील. अडणारी प्रेस: सिलिंडरच्या सीलमधून सेकंदाला एक थेंब पडत असेल तर थेंब ०.०५ मिलीलिटर धरून दिवसाला सव्वाचार लिटर, सात आठवड्यांत २१० लिटरचं एक बॅरल. बॅरलचं खरेदी बिल सोबत ठेवा. तिसरा थांबा, कूलिंग वॉटरचा पंप.

पंपावर इन्फ्रारेड थर्मामीटर वापरणार असाल तर एक सांभाळा. चकचकीत धातूवर तो खूप कमी तापमान दाखवतो, कारण चकाकत्या पृष्ठभागातून उष्णतेचं उत्सर्जन कमी होतं. पॉलिश केलेल्या भागावर ४० दिसेल आणि हात लावला तर पोळेल. मॅडमसमोर असं झालं तर सगळ्याच रीडिंगवर शंका येईल. आदल्या दिवशी दोन्ही बेअरिंग हाऊसिंगवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा, त्याला हाऊसिंगचं तापमान येऊ द्या, आणि रोजचं रीडिंग त्याच टेपवर, तेवढ्याच अंतरावरून घ्या.

तिसरी_पाळी

टेप आजच लावतो. अकाउंट्सला दरासाठी मेल गेला आहे. मागच्या बारा बिलांत पॉवर फॅक्टर ०.९८ च्या खाली एकदाच गेलाय, आणि त्या महिन्यात मामा रजेवर होते. त्या महिन्यात एपीएफसीला नेमकं काय झालं याची स्लिप शोधतोय. सापडली तरच ती ओळ तक्त्यात जाईल.

केव्हीए

स्लिप नसेल तर एपीएफसी रिलेच्या मेनूत अलार्म हिस्टरी आणि प्रत्येक स्टेपचं स्विचिंग काउंट बघा, बऱ्याच रिलेमध्ये असतं. एखाद्या स्टेपचं काउंट बाकीच्यांच्या मानाने थांबलेलं दिसलं तर तोच काँटॅक्टर किंवा त्याचा कंट्रोल फ्यूज. स्क्रीनचा फोटो काढून ठेवा. रिले रीसेट केला की ते जातं.